आईच्या स्वादुपिंडात लहान गाठ: ईयूएस इलास्टोग्राफी नाशिकला करावी की मुंबईला?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची. पोट दुखतं म्हणून सीटी केला, तर स्वादुपिंडाच्या मधल्या भागात १४ मिलीमीटरची गाठ निघाली. कावीळ नाही, सीए १९-९ (कॅन्सरचा अंदाज घ्यायची रक्ततपासणी) नॉर्मल. डॉक्टर म्हणतात ईयूएस करू, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या आतून सोनोग्राफी. त्यातच गाठ किती कडक आहे ते बघायचं, तीच इलास्टोग्राफी, आणि वाटलं तर लगेच सुईने तुकडा घ्यायचा. नाशिकला सगळं ३५ हजारांत बसतंय. विमा नाही, त्यामुळे याच्या वर आत्ता जमणार नाही. इथल्या मशीनवर फक्त रंगीत चित्र येतं, आकडा येत नाही म्हणे. तेवढ्यासाठी मुंबईला जावं का?

डोंबिवलीकर
विचारच करू नका, मुंबई. सासऱ्यांचं आम्ही मोठ्या हॉस्पिटलात केलं. दोन दिवस ॲडमिट, बिल लाखाच्या वर गेलं, पण मशीन एकदम नवीन. सोबत पेट स्कॅनही उरकून घ्या.

निशिगंध
दादा, त्यांनी ३५ हजार लिहिलंय.
गोदाकाठ, आमच्या मिस्टरांची गाठ स्क्रीनवर पूर्ण निळी दिसली. "निळी म्हणजे कडक, कडक म्हणजे कॅन्सर," असं तिथल्याच एकाने बाहेर येऊन सांगून टाकलं. सुईचा रिपोर्ट येईपर्यंत घरात चूल पेटली नाही. रिपोर्टमध्ये निघाला जुना पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनी सूज. अजून त्या माणसाचा राग येतो मला. नुसत्या रंगावरून कोणी काही सांगितलं तर ऐकू नका.

वऱ्हाडी_माणूस
माझ्या तपासणीत तर लाल म्हणजे कडक होतं. आणि कडकपणाच बघायचा तर फायब्रोस्कॅन करा ना, वरूनच होतो, दुर्बीण नाही, भूल नाही. माझा स्वस्तात झाला.

सोनोवाला
एंडोस्कोपी युनिटमध्ये तंत्रज्ञ आहे, म्हणून लिहितो.
फायब्रोस्कॅन यकृताचा. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं, मध्ये गॅस येतो, वरून त्याचा कडकपणा नीट मोजता येत नाही. म्हणून आतून जायचं. लाल-निळ्याचं म्हणाल तर दोघंही बरोबर आहात. ईयूएसमध्ये बहुतेक मशीनवर निळा कडक आणि लाल मऊ असतो, यकृताच्या शिअर वेव्हमध्ये (कडकपणा मोजायची दुसरी पद्धत) बऱ्याचदा उलटं. चित्राशेजारी रंगांची पट्टी असते, ती बघायची.
आता मुख्य मुद्दा. ही पद्धत स्वादुपिंडासाठी २००६ साली फ्रान्समध्ये मार्सेलच्या डॉक्टरांनी मांडली. नेहमीच्या कॅन्सरभोवती तंतुमय ऊती दाट साठते, म्हणून गाठ कडक लागते. पण जुन्या सुजेतही तशीच ऊती होते, त्यामुळे "कडक" यावरून पक्कं काही ठरत नाही. खरा उपयोग उलट्या बाजूने. १५ मिलीमीटरपर्यंतच्या गाठींवर २०१८ साली आलेल्या अभ्यासात २१८ रुग्ण होते. गाठ मऊ असली तर नेहमीचा स्वादुपिंडाचा कॅन्सर नसण्याची खात्री ९८ टक्के. कडक निघालेल्यांत मात्र तो निम्म्यांपेक्षा कमी जणांना होता. मऊ गाठही न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, वेगळ्या प्रकारची गाठ) असू शकते, म्हणून मऊ निघाली तरी डॉक्टर पुढे लक्ष ठेवतात.
आकड्याचं फार मनावर घेऊ नका. तो आकडा म्हणजे स्ट्रेन रेशो, गाठ शेजारच्या भागाच्या किती पट कडक ते. तो काढताना डॉक्टर एक वर्तुळ गाठीवर ठेवतात, दुसरं शेजारच्या मऊ भागावर. दुसरं वर्तुळ जरा सरकलं की आकडा बदलतो. ऊती दाबली जाते ती महाधमनीच्या ठोक्यांनी, त्यामुळे चित्र स्थिर व्हायची वाट बघावी लागते. हात सरावलेला असणं महत्त्वाचं.

मिरजकर
सुई अजिबात लावू देऊ नका. सुई लागली की कॅन्सर पसरतो, आमच्या गल्लीत झालंय.

सोनोवाला
सुईच्या वाटेने पसरणं अगदी क्वचित होतं. पण सीटीवरच चित्र स्पष्ट असेल आणि गाठ काढण्यासारखी असेल, तर काही सर्जन सुई न लावता थेट ऑपरेशन करतात. सुई लावण्याआधी सर्जननी सीटी बघितलाय का, एवढं विचारून घ्या.

डोंबिवलीकर
रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आठवडाभर आधी सगळ्या बंद करायच्या. सासऱ्यांच्या केल्या होत्या.

निशिगंध
असं परस्पर सांगू नका हो! स्टेंट असलेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल मनाने बंद केली तर जिवावर बेतेल. हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.

वऱ्हाडी_माणूस
मुंबईलाच जायचं तर परळला टाटाला जा. आमच्या भाच्याला तिथे फार चांगला अनुभव आला. रांग मोठी, पण माणसं जीव लावून बघतात.

डोंबिवलीकर
मी पहिल्यापासून मुंबईच म्हणतोय.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांशी सविस्तर बोललो. सर्जनने सीटी बघितलाय. त्यांचं म्हणणं, एवढ्या लहान गाठीचं चित्र स्पष्ट नाही, तुकडा मिळाला तर बरं. म्हणजे कडक निघाली तर सुई त्याच भुलीत. मऊ निघाली तरी रक्तपुरवठा बघायला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन पुन्हा बघतील आणि मग ठरवतील. आकडा नाही मिळाला तरी चालेल. नाशिकलाच करतोय, सोमवारी सकाळी. मुंबईला दुसरं मत घ्यायचंच झालं तर तुकड्याची स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) घेऊन जाईन, आईला दोनदा भूल नको. आई फक्त बीपीची गोळी घेते, ती पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितलीय.

मिरजकर
अजून विचार करा. सुई नको.

सोनोवाला
ब्लॉक मागायचं लक्षात ठेवलंत, छान. ईयूएसची चित्रं सीडीवर मागा, रंगीत आणि साधी शेजारी-शेजारी असलेली. घरी गेल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या किंवा ताप आला तर लगेच परत दाखवा, सुईनंतर क्वचित स्वादुपिंडाला सूज येते.