ऑस्ट्रेलियातले रानटी उंट पकडून विकत का नाहीत? आणि गोव्यात टिकतील का?

डिचोलीकर
ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरमधून उंट मारतात असं वाचलं. पकडून विकता येत नाहीत का? आणि पर्यटकांना फिरवणारे उंट गोव्यात मोकाट सुटले, तर इथेही तशीच पैदास होईल का?

मरुस्थळ
पकडतातही, पण जमतं ते कोरड्या महिन्यांतच. पाणवठ्याभोवती भक्कम कुंपण घालून आतल्या बाजूलाच उघडणारं फाटक लावतात. तहानलेला कळप आपणहून शिरतो. पाऊस झाला की जागोजाग पाणी साचतं, ओल्या पाल्यावर उंटाचं कित्येक आठवडे भागतं आणि सापळा रिकामा राहतो. गुरांचं साधं कुंपण तर तो छातीनंच पाडतो.

खरी अडचण अंतराची. वावर सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास ९०० गोवे. २०१३ च्या सुमाराचा अंदाज ३ लाख उंटांचा. त्या हिशेबानं अख्ख्या गोव्यात ३३०-३४० उंट! ते हुडकून, रस्ता नसलेल्या मुलखातून हाकत ट्रकपर्यंत आणायचे, पुढे कत्तलखाना आणखी लांब. मांसाच्या भावात हा खर्च निघत नाही. म्हणून २००९ ते २०१३ च्या मोहिमेत सुमारे १,६०,००० उंट कमी केले, त्यातले बहुतेक गोळी घालून. कळप सापडावा म्हणून एखाद्या उंटाच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून सोडतात. एकटं राहणं त्याला जमत नाही, तो कळप गाठतोच.

वाईट वाटतंच. पण दुष्काळात हेच कळप वस्तीत शिरून नळ नि टाक्या मोडतात, आणि झऱ्यात अडकून मेलेला एक उंट सगळं पाणी नासवतो. हे झरे तिथल्या मूळ रहिवाशांना पवित्र आहेत.

गोठा_फोंडा
डिचोलीकर बाब, गोव्यात तशी पैदास होणं कठीण. इथे पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास. सतत ओल्या कातडीवर खरूज बळावते, चिखलात तळवे सडतात. त्याहून वाईट म्हणजे सर्रा, गोमाश्यांच्या चाव्यातून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग. ऑस्ट्रेलियात सर्रा नाही, ही तिथल्या उंटांची मोठी सोय.

कच्छवाट
नुसत्या ओलीला दोष देऊ नका. कच्छचे खाराई उंट खाडीत पोहत जाऊन खारफुटी चरतात. पण तिथे पाऊस तुटपुंजा, अंग लगेच वाळतं.

गोठा_फोंडा
बरोबर, पावसाळाभर न वाळणं हाच घात. किनाऱ्यावरच्या उंटाला येऊन-जाऊन ताप, मदार उतरलेली, पोटाखाली सूज असं दिसलं तर ताप चढलेला असतानाच रक्त तपासायला द्यावं. उतरल्यावर काचपट्टीवर परजीवी बऱ्याचदा दिसत नाही. एका तपासणीत काही आढळलं नाही म्हणून सर्रा नाही असं धरू नये.