सासऱ्यांच्या तीन ट्रंका, खरेदीखत सापडेना

पेठेतली_सून

नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडं उतरणाऱ्या बोळात. मामंजी गेल्या दिवाळीनंतर गेले. घरातला कागद न् कागद त्यांच्या डोक्यात असायचा. "मामंजी, घरफाळ्याची पावती?" म्हटलं की झोपाळ्यावरून न उठता सांगायचे, "हिरव्या ट्रंकेत, डाव्या अंगाला, लग्नपत्रिकांच्या खाली." आणि ती तिथंच असायची! आता ट्रंका तेवढ्या उरल्यात.

महिन्यापूर्वी सिटी सर्व्हेला वारसनोंदीचा अर्ज दिला. मिळकतपत्रिका (घराच्या जागेचा सरकारी उतारा), मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम झालं. पण नणंदेनं सहज विचारलं, "वैनी, घराचं खरेदीखत कुठाय गं?" तेव्हापासून तीन रविवार मी माळ्यावर आहे. आतापर्यंत निघालेलं: तारेच्या आकड्याला ओवलेली १९८३ पासूनची लाइटबिलं, वडणग्याकडच्या दीड एकराची ऊसबिलं, भंगारात जाऊन पंधरा वर्षं झालेल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड, माझ्या मिस्टरांचं चौथीचं प्रगतिपुस्तक (गणितात काठावर, मला आजवर वेगळंच सांगितलेलं), आणि लाल फडक्यात बांधलेलं मोडी लिपीतलं एक बासन. खरेदीखत नाही.

त्यात पुराची धास्ती. २०१९ ला खालच्या कपाटातली फाइल भिजली. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, कागद गच्चीवर पापडासारखे उन्हात घातले. ते वाळले, पण कडक होऊन वाकले आणि स्टेपलरच्या पिनांचा गंज अक्षरांवर पसरला. शेताचा जुना फेरफार (मालकीबदलाची नोंद) आता निम्माच वाचता येतो.

काय ठेवायचं, काय टाकायचं? आणि माझ्यामागं पोरांना सापडेल असं लावायचं कसं? ह्यांना विचारलं तर म्हणतात, "बाबांनी लावलंय तसंच राहू दे."

नादखुळा_९०

ताई, सोपं आहे. सगळं मोबाइलवर स्कॅन करा, ड्राइव्हवर टाका, ट्रंका भंगारवाल्याला द्या. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, अजून कागद कशाला सांभाळायचे?

तात्या_रेकॉर्डरूम

भावा, थांब जरा. डिजिलॉकरमध्ये लायसन, आरसी असे कागद त्या-त्या खात्याकडून थेट येतात, ते मुळासारखे चालतात. आपण फोटो काढून चढवलेला कागद म्हणजे नुसता फोटो. खरेदीखताचा फोटो घेऊन बँकेत जाऊन बघ, चहासुद्धा विचारणार नाहीत. सातबाऱ्याचं मात्र तुझं खरं आहे. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, त्याचे जुने गठ्ठे जपायची गरज नाही. जुने फेरफार सोडून. ते ठेवायचे.

आता सूनबाई. मी एकतीस वर्षं सरकारी रेकॉर्डरूममध्ये काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.

लाइटबिल, पाणीबिल, फोनबिल असे ढीग घालू नका. कागद कुठल्या खिडकीवर दाखवावा लागतो, त्यावर गठ्ठा ठरतो. तुमचे पाच होतील: घर, शेत, पैसा, माणसं, दवाखाना. घराच्या गठ्ठ्यात घरफाळ्याच्या पावत्या येतात, त्या एकही टाकू नका. कधीकधी भरलेल्या वर्षाचीही थकबाकी निघते, तेव्हा पावतीशिवाय बोलायला तोंड नसतं. लाइटबिलं एका वर्षाची पुरे. इन्कमटॅक्सचे कागद मी सात वर्षं ठेवतो. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला जन्मभर.

प्रत्येक गठ्ठ्यावर एक यादी लावा. कागदाचं नाव, तारीख, मूळ की झेरॉक्स, आणि शेवटचा रकाना: "बाहेर कोणाकडे, कधी". हा रकाना आखल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू नका. आमच्याकडं जी फाइल "हरवली" म्हणायचे ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी टेबलावर असायची. नेताना कुणी लिहिलेलं नसायचं, एवढंच.

पिना काढा, सुती दोऱ्यानं बांधा. मूळ दस्ताला पंच मारू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. भिजलेला कागद उन्हात घालायचा नाही. सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते.

आणि खरेदीखताचं. माळा सोडा. तुमच्या हातात मिळकतपत्रिका आहे ना? तिच्यावर "इतर भार" असा रकाना असतो. तो वाचलात का?

राजारामपुरीची_आई

तात्या, तुमचं पटतं, पण रकाने आखलेली वही आमच्या घरी दुसऱ्या आठवड्यात धोब्याच्या हिशेबाची होते. मी एवढंच केलंय: भिंतीवरच्या कॅलेंडरमागं एक पिशवी टांगलीय. आलेला कागद आधी तिथं. महिन्याचं पान उलटायचं त्या दिवशी पिशवी रिकामी करायची, अर्धा तास लागतो. मिक्सर-फ्रिजच्या दुकानातल्या चकचकीत पावत्या मात्र त्याच दिवशी झेरॉक्स करते. त्या वर्षभरात कोऱ्या होतात, आणि वॉरंटी कधीकधी दोन वर्षांची असते!

पुराचं म्हणाल तर माहेर दुधाळीत, त्यामुळं सवय आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका सांगतात. आई ३९ ऐकलं की चेन असलेली प्लॅस्टिकची पिशवी खुंटीवरून काढून दाराशी ठेवते. त्यात फक्त मूळ कागद, सोनं नाही. सोनं तिच्या अंगावर असतं.

पेठेतली_सून

तात्या, तुमचं वाचलं आणि रात्री साडेदहाला मिळकतपत्रिका काढली. अर्ज करताना चार वेळा हातात धरलेली, पण नाव तेवढं बघितलेलं. "इतर भार" मध्ये बारीक अक्षरात एका पतसंस्थेचं नाव आणि १९९४.

आत्तींना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मग? तुझ्या नणंदेच्या लग्नाला काढलेलं कर्ज ते. २००१ ला फिटलं की." फिटलं, पण तारण ठेवलेला कागद आणायचा राहिला. मामंजींनी! ज्यांना लग्नपत्रिकांखालची पावती ठाऊक, त्यांना.

पतसंस्थेत तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा म्हणाले इतकं जुनं काही नाही. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा आत्तींना सोबत नेलं. त्या खुर्चीत बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "मी इथंच डबा खाते." पाऊण तासात आतल्या लोखंडी कपाटातून खरेदीखत आलं. २७ जून १९७८, मामंजींची सही, अजून निळी. बेबाकी दाखला घेतलाय, आता भार कमी करायचा अर्ज करायचा.

यादी मी आखली, पण राजारामपुरीच्या आईंची कॅलेंडरमागची पिशवीही टांगली. "बाहेर" च्या रकान्यात पहिली नोंद ह्यांची निघाली: पॅनकार्ड, मित्राकडं, का ते आठवत नाही.

एक राहिलं. लाल फडक्यातलं बासन अजून सोडलेलं नाही. कडेला कागदाचा भुगा दिसतो. मोडी आमच्यात कुणालाच येत नाही. झेरॉक्स काढून कुणाला दाखवू का?

तात्या_रेकॉर्डरूम

झेरॉक्स नको, घड्यांवर तुटेल. फडकं तसंच असू द्या आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्या आधी काढा. ओळखीत कुणी मोडी शिकलेलं असेल तर त्याला घरी बोलवा, कागद त्याच्याकडं पाठवू नका. पाठवलाच तर शेवटचा रकाना आहे.