हॉरर कॉमेडीचा प्रीमियर रात्री बारालाच का?

प्रश्न: टोरंटो फिल्म फेस्टिव्हलच्या मिडनाइट मॅडनेसचं (मध्यरात्रीच्या सिनेमांचा सेक्शन) तिकीट मिळालंय, शो रात्री ११:५९ ला!! हॉरर कॉमेडी एवढ्या उशिरा का लावतात, मला तर दहालाच झोप येते

उत्तर १: अहो तीच तर मजा, १९८८ पासून चाललंय हे. दुपारी लोक गप्प बसून बघतात, इथे भुतालाही शिट्ट्या पडतात, एक जण किंचाळला की शेजारचा हसतो आणि मग अख्खं थिएटर हसत सुटतं

उत्तर २: +१. 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' हा हॉरर कॉमेडी सिनेमा जानेवारी २०१४ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला मध्यरात्रीच्या सेक्शनमध्ये आला, आणि सप्टेंबरात टोरंटोला मिडनाइटचं प्रेक्षक पसंतीचं बक्षीस घेऊन गेला. २०१८ ला तेच 'मर्द को दर्द नहीं होता'ला, तो हॉरर नाही म्हणा

प्रश्नकर्ता: बरं, दुपारी झोप काढतो. परतायला सबवे असेल ना?

उत्तर १: दीडच्या सुमारास बंद होते, नाइट बस बघा