दूध तोडलेल्या पिल्लांना हगवण, काय चुकतंय?

सत्तरीवाला:
संकरित डुकरांची ८ पिल्लं आणून आज पाचवा दिवस. वय साधारण ५० दिवस, वजन ९-१० किलो. नाताळाला विकायची आहेत. परवापासून पिवळट पातळ हगवण, त्यातली दोन मलूल. खायला भाताचा कोंडा, खोबऱ्याची पेंड आणि हॉटेलातलं उरलेलं. खोली १०×१० फूट, सिमेंटची जमीन, वर पत्रे. औषध कुठलं द्यावं?

पेंडकोंडा:
औषधाआधी खाद्य. आज संध्याकाळपर्यंत गव्हाण रिकामी ठेवा, पाणी मात्र भरपूर. मलूल दोन वेगळी काढा आणि त्यांना थोडं थोडं साखर-मिठाचं पाणी पाजा: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उद्यापासून दर पिल्लामागे दिवसाला १०० ग्रॅम खाद्य, तेही चार वेळांत. हगणं घट्ट झालं की दर दोन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत ४०० पर्यंत न्या.

आईचं दूध सुटलं की त्यातून मिळणारं संरक्षणही सुटतं, आणि या वयात पोटातलं आम्ल कमी असतं. कोंडा नि खोबऱ्याची पेंड म्हणजे चोथाच जास्त. तो न पचता आतड्यात आंबतो आणि त्यावर ई. कोलाय जिवाणू पोसतात. नवी पिल्लं आणली की पहिले ३-४ दिवस विकणाऱ्याकडचंच खाद्य चालू ठेवायचं आणि पुढच्या आठवड्यात हळूहळू आपलं मिसळायचं. आणताना त्याच्याकडून ५-६ किलो मागून घेतलं की झालं.

१०० किलोचं मिश्रण: मक्याचा भरडा ५५, सोयाबीन पेंड २५, भाताचा कोंडा १०, मासळीची कुटी साडेसात, खनिज मिश्रण २, मीठ अर्धा किलो. कुटी खारवलेल्या सुक्या मासळीची असेल तर वरून मीठ अजिबात नको, कुटीही निम्मी करा आणि तेवढी सोयाबीन पेंड वाढवा. खारट खाद्य आणि त्यात पाणी कमी पडलं तर मीठबाधा होते. पिल्लू आंधळ्यासारखं भिंतीवर आदळतं, मागे मागे सरकत बसतं आणि झटके येतात. पावसात मक्याला बुरशीचा वास आला तर ते पोतं बाजूला काढा, वाळवून खपवू नका.

गोणपाट:
जमिनीचं कुणीच विचारलं नाही! जुलैतलं ओलं सिमेंट पिल्लाच्या पोटातली ऊब ओढून घेतं. एका कोपऱ्यात लाकडी फळ्या टाका, त्यावर वीतभर सुका पेंढा. वाऱ्याच्या बाजूला दोन-अडीच फुटांपर्यंत गोणपाट बांधा, वरचा भाग उघडा ठेवा, नाहीतर अमोनियाने खोकला धरेल. धुणं सकाळी एकदाच, झोपायचा कोपरा सोडून.

रात्री नऊला डोकावून बघा. एकावर एक ढीग करून पडली असतील तर गारठलीत. कुशीवर पाय पसरून शेजारी शेजारी पडलेली असतील तर ठीक.

डुक्कर ओल्या, थंड कोपऱ्यात हगतं, म्हणून निपल (तोंडाने दाबून पाणी प्यायची तोटी) झोपायच्या कोपऱ्यापासून लांब, समोरच्या कोपऱ्यात लावा, जमिनीपासून २५-३० सेंमीवर. १ लिटरची बाटली दोन मिनिटांत भरली पाहिजे. गव्हाण ५ फूट तरी हवी, आठही एकदम तोंड घालतील अशी, नाहीतर दांडगी दोन सगळं फस्त करतात.

तापमापी:
हॉटेलातलं आजच बंद करा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग भारतात २०२० मध्ये शिरला आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. त्याचा विषाणू खारवलेल्या, धुरावलेल्या मांसातही टिकतो. ताटात उरलेला चोरिसचा (डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजचा) एक तुकडा पुरतो. पुढे मोठ्या डुकरांना उरलंसुरलं द्यायचंच असेल तर ढवळत तासभर उकळून, आणि कच्च्याची बादली नि शिजवलेल्याची बादली वेगळी.

सगळ्यांचा ताप गुदद्वारातून मोजा. ३९ ते ४० अंश सेल्सिअस नेहमीचा. ४०.५च्या वर, कानांवर-पोटावर जांभळे डाग किंवा अचानक मर दिसली तर ही साधी हगवण नव्हे. लगेच सरकारी पशुवैद्याला कळवा, एकही पिल्लू बाहेर पाठवू नका. प्रतिजैविकही त्यांनाच ठरवू द्या.

हगवण थांबली की ६० दिवसांच्या सुमारास क्लासिकल स्वाइन फीव्हरची (हा वेगळा विषाणूजन्य रोग) लस. जंतनाशक त्यानंतर आठवड्याने: आयव्हरमेक्टिन १ टक्का, ३३ किलोला १ मिली, कातडीखाली. १० किलोच्या पिल्लाला ०.३ मिलीच होतं, म्हणून १ मिलीचीच सिरिंज घ्या. लस आणि खच्चीकरण एकाच आठवड्यात उरकू नका.

सत्तरीवाला:
खोबऱ्याची पेंड अजून दोन पोती आहे. फेकायची का?

पेंडकोंडा:
नको. पिल्लं २५ किलोंची झाली की मिश्रणात १० टक्के घाला. मात्र तोंडात टाकून बघा, खवट लागली तर नारळाच्या आळ्यात.