अण्णा म्हणतात "काय खरं नाही", मी म्हणतो "होईल नीट". वही मांडली आणि गोंधळलो

काळं_रान (औसा तालुका)

रामराम मंडळी. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

मी ४१ चा, वडील ६८. सात एकर रान, त्यातलं दोन एकर ओढ्याच्या कडेचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "काय खरं नाही." पाऊस, भाव, लाईट, लेकीची एसटी, सगळ्याला तेच. माझं बरोबर उलटं, होईल नीट. यावरून घरात रोज वाजतं.

त्यांचं कारण मला कळत नाही असं नाही. भूकंपाचं किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते आणि माळवदं, म्हणजे मातीची जड छतं, बसली. अण्णा दोन दिवस तिथं माती उपसत होते. अजून ते माळवदाखाली झोपत नाहीत. थंडी असो का पाऊस, पडवीत पत्र्याखाली बाज. माझं दुखणं वेगळं. २०२१ ला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं तेव्हा अण्णा म्हणत होते, घाल मोंढ्यावर, विकून टाक. मी म्हणालो, बारा होईल. नवा माल आला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर, आणि माझे बावीस कट्टे घरातच.

गेल्या येळवशीला (वेळअमावस्या, रानात पूजा करून जेवायचा आमच्याकडचा सण) रानात पंधरा पाहुणे, भज्जी-आंबिलीचा वास सुटलेला, आणि अण्णा पूजेच्या कोपीपुढं (कडब्याच्या खोपीपुढं) हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "पुढच्या येळवशीला काय ऱ्हातंय रानात, बघू." मी सगळ्यांदेखत चिडलो. तेव्हा अकरावीतली लेक म्हणाली, "बाबा, भांडता कशाला? लिहून ठेवू. कोण बरोबर येतं ते कळंलच की."

झालं. शंभर पानी वही, दोन रकाने. पुढं काय होणार याबद्दलचं वाक्य, तेही दिवाळीपर्यंत खरं-खोटं कळेल असं, तेवढंच लिहायचं. लिहिणार लेक. मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत ४६ वाक्यं जमली. अण्णांची २७, त्यातली ९ खरी. माझी १९, त्यातली ७ खरी.

आधी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं, माझी बारा-तेरा तरी खरी आलीत. अण्णांची चुकलेली मला तोंडपाठ होती. माझ्या चुकलेल्या बारांपैकी पाच मी बोललोच नाही असं मला आजही वाटतं. एकीवरून लेकीशी भांडलो, तूच चुकीचं लिहिलंस म्हणून. तिनं तारीख दाखवली.

पण खरा घोळ सप्टेंबरचा. अण्णा जुलैपासून म्हणत होते, "घरात येईस्तोवर सोयाबीन आपलं नव्हं." मी हसायचो, शेंगा टच्च भरत होत्या. महिन्याच्या शेवटी काय झालं ते तुम्हीही भोगलंय. तेरणा, मांजरा, सगळ्या नद्या रानात. पाऊस उघडल्यावर चिखलात रुतत रुतत गेलो, एक शेंग फोडली, तर दाण्याला नखाएवढा पांढरा कोंब. उभ्या झाडावरच उगवलेलं. अण्णा बांधावर उभे होते. मला वाटलं आता म्हणतील, सांगत नव्हतो? ते एवढंच म्हणाले, "लिव्हलंस का ते?"

लिहिलं होतं. नवातलं एक.

आता सांगा, हे एक आणि "आज एसटी येणार नाही" हे एक, दोन्ही सारखंच मोजायचं का? आणि असं माणूस घरात असेल तर तुम्ही काय करता? सकारात्मक विचारांचे व्हिडिओ पाठवू नका, मेव्हण्यानं भरपूर पाठवलेत.

आडत_लातूर

२०२१ चं डोक्यातून काढा. ऑगस्टात केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकं बदललेल्या बियाण्याची) सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, ते कुणाच्या स्वप्नात तरी होतं का? रोज मोंढ्यात बसणाऱ्यांनीही माल धरला होता, त्यात मी एक. भाव बारावर गेला असता तर तुम्ही हुशार आणि अण्णा भित्रे ठरला असता. निर्णय तोच, बरं का.

मास्तर_नांदेड

कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं पाजळतो. १९८० मध्ये नील वाइनस्टाइन यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना विचारलं होतं, तुमच्या वाट्याला काय काय येईल? सरासरी उत्तर असं, की चांगलं मला इतरांपेक्षा जास्त, वाईट कमी. सगळ्याच वर्गाचं नशीब वर्गापेक्षा बरं कसं असेल? तुमचे बारा-तेरा त्यातलेच.

सारखं मोजायचं का, तर नाही. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की गमावल्याचा चटका तेवढंच मिळवल्याच्या आनंदापेक्षा मोठा असतो. १९९२ च्या लेखात त्यांनी तो सव्वादोन पटीच्या आसपास धरलाय. राखणीचं कुत्रं पाचोळा वाजला तरी भुंकतं. झोपमोड होते, शिव्या देतो आपण, पण विकत नाही.

परभणीची_सून

मास्तर, कुत्र्याचं ठीक. पण भुंकतंय कोण, यावरही ऐकणं असतं ना. अण्णा बोलले की वहीत जातं. आमच्या घरी "होईल नीट"वाल्या सासूबाई. माझ्या नवऱ्याच्या पायाचं बोट तीन आठवडे काळं पडत होतं. मी दोनदा म्हणाले, शुगर तपासा. दोन्ही वेळा उत्तर एकच, "अपशकुनी बोलू नको." शेवटी बोट गेलं. तेव्हा मात्र सगळे म्हणाले, नशीब. गड्यानं शंका काढली की अनुभव, बाईनं काढली की तोंड वाईट.

दादा, राग मानू नका, पण तुमच्या वहीत वहिनींचा रकाना कुठाय?

खतबियाणे_उदगीर

कृषी केंद्र आहे माझं, बावीस वर्षं झाली. जो गल्ल्यापुढं सगळ्यात जास्त कुरकुरतो, "औंदा काय येत नाही", तोच मृगाच्या आधी बियाणं उचलतो. गोड बोलणारे पाऊस पडल्यावर पळत येतात, तोवर हवं ते वाण संपलेलं असतं. अण्णा काय बोलले ते लिहिलंत. काय केलं ते लिहिलंत का?

काळं_रान (औसा तालुका)

उदगीरवाले, तुमच्यामुळं दोन रात्री वही घेऊन बसलोय.

मे महिन्यात अण्णा म्हणाले होते, "घरचं बी उगवत नाही औंदा." बी उगवलं, आम्ही फुली मारली. आता बायकोनं सांगितलं की त्या आठवड्यात त्यांनी गोणपाट ओलं करून शंभर दाणे मांडले होते, रोज सकाळी पाणी शिंपडायचे. ६१ च उगवले. सत्तर तरी लागतात, म्हणून ती थैली बाजूला ठेवून दुसरी घेतली. मी पेरलं ते दुसरं. मला पत्ताच नव्हता.

दुसरी फुली जूनची. "वड्याकडच्या रानात पाणी तुंबणार." जुलैत दोन मोठे पाऊस झाले, पाणी तुंबलं नाही. मी जोरात हसलो होतो, लेकीनं फुली मारली. काल तिकडं गेलो. बांधालगत गुडघाभर चर खणलेली, थेट ओढ्यापर्यंत. अण्णांनी एकट्यानं, मृगाच्या आधी. आणि सप्टेंबरात त्याच दोन एकरातलं थोडंफार हाताला लागलं. वरच्या पाचात काही नाही.

म्हणजे त्यांनी चर खणली म्हणून पाणी तुंबलं नाही, आणि पाणी तुंबलं नाही म्हणून ते चुकले. आम्ही वहीत हे असं लिहिलंय. अजून किती फुल्या अशा आहेत देव जाणे.

परभणीच्या ताई, बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आता आठवण झाली व्हय?" तिचा रकाना वहीत मावेना, म्हणून वेगळी वही.

जुन्या वहीत लेकीनं तिसरा रकाना पाडलाय, "मग काय केलं?" अण्णांचा भरत चाललाय. माझ्याकडं सहा ओळी झाल्या, पाचांपुढं नुसती रेघ. सहाव्यापुढं "व्हिडिओ पाहिला".

काल अण्णा म्हणाले, हरभऱ्याला मर रोग लागणार. मी वाद न घालता खोलीत गेलो, तर पाटीतल्या बियाण्याला ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोखणारी बुरशी, चोळून ठेवलेली, बियाणं सावलीत सुकत होतं.