वापरलेले मोटोक्रॉस फोर्क ट्रेलसाठी: कॉम्प्रेशन पूर्ण सोडूनही पुढचं चाक दगडावरून उडतंय

रानवाट

नमस्कार मंडळी. महिन्यापूर्वी वापरलेली यामाहा वायझेड २५० टू-स्ट्रोक घेतली. पुढे केवायबी कंपनीचे ४८ मिलिमीटरचे फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, आहेत. आधीचे मालक ट्रॅकवर मोटोक्रॉस करायचे. मी फक्त ट्रेल करते, म्हणजे दगडगोटे, मुळं, ओढे आणि चढ. वेग बेताचा. बूट, हेल्मेट, पाठीवरचं पाणी धरून माझं वजन ६८ किलो.

मुठीएवढा दगड आला तरी हँडलला ठोसा बसतो आणि चाक बाजूला उडतं. अर्ध्या तासात मनगटं भरून येतात. वरचा कॉम्प्रेशन क्लिकर, म्हणजे फोर्क दबताना तेलाचा अडथळा कमी-जास्त करणारा स्क्रू, पूर्ण बाहेर सोडून पाहिला. ठोसा तसाच राहिला, उलट ब्रेक लावला की आता पुढची बाजू जास्त खाली जाते. फोर्कच्या डाव्या पायावर (नळीवर) सीलच्या खाली तेलाची पुसट रेघ दिसते. 'सर्व्हिस करूनच देतोय' असं सांगितलं होतं.

पातळ तेल टाकू का? की क्लिकर किती ठेवायचे याचा एखादा आकडा मिळेल?

जुनापाना

ताई, आकडा देऊ शकतो, पण आत्ता त्याचा उपयोग नाही. 'बारा क्लिक' या शब्दाला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा आत कोणती स्प्रिंग आहे, तेल किती आहे आणि ते कधीचं आहे हे माहीत असतं. वापरलेल्या फोर्कमध्ये यातलं काहीच माहीत नसतं. मी आजवर जे वापरलेले फोर्क उघडले, त्यांतल्या एकात दोन पायांत दोन वेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा निघाल्या होत्या. ती गाडी मी वर्षभर तशीच चालवली होती आणि सगळा दोष माझ्या चालवण्याला देत होतो.

क्लिकर फिरवून ठोसा का गेला नाही, तेही सांगतो. क्लिकरचा परिणाम मुख्यतः फोर्क हळू दबतो तेव्हा होतो, म्हणजे ब्रेक लावताना किंवा उंचवटा सावकाश चढताना. टोकदार दगडावर फोर्क झटक्यात दबतो. त्या वेळी तेल क्लिकरच्या बारीक छिद्रातून नाही, तर पिस्टनवरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, वाकवून जातं. म्हणून क्लिकर सोडल्यावर ब्रेकखालचा आधार गेला आणि दगडाचा ठोसा मात्र राहिला. क्लिकर तूर्त पुन्हा मधोमध आणून ठेवा. फिरवताना पूर्ण आत हलक्या हातानेच न्या, जोर दिला तर आतली सुई आणि तिची बैठक खराब होते.

आता उघडण्याआधीची एक गोष्ट, फुकटातली. गाडी स्टँडवर घ्या, पुढचं चाक हवेत ठेवा. वरच्या टोप्यांवरचे हवेचे स्क्रू क्षणभर सोडा. आत साठलेली हवा फुस्स करून निघेल. मग एक्सलचा नट आवळा, पण एका पायाचे एक्सल धरणारे बोल्ट ढिले ठेवा. चाक जमिनीवर आणून पुढचा ब्रेक धरा आणि फोर्क आठ-दहा वेळा जोरात दाबा. तो पाय एक्सलवर आपोआप सरकून आपली जागा घेतो. मगच बोल्ट आवळा. टायर बदलताना ही पायरी बहुतेक जण विसरतात. दोन पाय किंचित जवळ ओढले गेले की नळ्या एकमेकींशी झगडतात आणि छोट्या दगडावर फोर्क हलतच नाही. खालच्या ट्रिपल क्लॅम्पचे, म्हणजे फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या पट्टीचे, बोल्ट अती आवळले तरी हाच त्रास होतो, कारण बाहेरची नळी तिथे चेपली जाते आणि आतला बुश, म्हणजे ज्यावर नळी सरकते ते कडं, नेमक्या त्या जागी अडतो. मॅन्युअलमधला आकडा पाहून टॉर्क पान्यानेच आवळा.

यानंतर सॅग मोजा. चाक हवेत असताना एक्सलच्या मध्यापासून खालच्या क्लॅम्पपर्यंतचं अंतर घ्या. मग पूर्ण गिअर घालून पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभ्या राहा, कोणीतरी गाडी सरळ धरेल, आणि तेच अंतर पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. दोनदा मोजा, एकदा फोर्क दाबून हळूच सोडल्यावर आणि एकदा उचलून हळूच सोडल्यावर, आणि सरासरी धरा. तुमच्या फोर्कचा प्रवास, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, ३०० मिलिमीटर आहे. ट्रेलसाठी ६५ ते ७० सॅग मला योग्य वाटतो. ५० च्या खाली आला तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे, असं समजा.

आणि ती तेलाची रेघ. आधी डस्ट सील, म्हणजे धूळ रोखणारं बाहेरचं सील, खाली सरकवा, ऑइल सीलच्या ओठाखाली अडकलेला चिखल सील साफ करायच्या पातळ पट्टीने काढा आणि नळीवरून बोटाचं नख फिरवा. नख अडलं तर तिथे चरा आहे. तो बारीक वॉटर पेपरने तेल लावून घासा. नाही घासलात तर नवं सीलही पहिल्याच दिवशी फाडेल.

तिसरागिअर

जुनापाना दादांशी बाकी सगळं सहमत, एका गोष्टीवर थोडं वेगळं मत. हार्ड वाटतंय म्हणजे स्प्रिंग कडकच, असं धरून चालू नका. स्प्रिंग नरम असेल तरी ठोसा बसतो, कारण फोर्क आधीच खोल बसलेला असतो आणि शेवटच्या टप्प्यात आतली हवा दाबली जाऊन तो घट्ट होतो. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येणं, फार हळू असेल तरी तसंच. एका मागोमाग चार मुळं आली की फोर्क वर यायच्या आत पुढचा धक्का येतो आणि तो खाली खाली जात राहतो. आतल्या नळीवर, वायपरला (डस्ट सीलला) टेकवून, एक झिप टाय बांधा. चक्कर मारून या आणि टाय कुठे थांबला ते बघा. फोर्क किती प्रवास वापरतोय ते तिथे दिसेल.

पातळ तेलाबद्दल: बाटलीवरच्या '५ डब्ल्यू' या दाटपणाच्या आकड्यावर जाऊ नका. त्याच आकड्याची दोन कंपन्यांची तेलं बरीच वेगळी निघतात. ४० अंशाला असलेला सेंटीस्टोकचा, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या दाटपणाचा, आकडा बघा.

रानवाट

दोघांचेही आभार. एक्सलचे बोल्ट सोडले तर पाय खरंच सरकला, डोळ्यांनी दिसेल एवढा, अंदाजे दोन मिलिमीटर. तेवढ्यानेच छोटे खडे जरा सुसह्य झाले. सॅग ४६ आला. टाय तळापासून ११० मिलिमीटर वरच थांबला, म्हणजे प्रवासाचा तिसरा हिस्सा मी वापरतच नाही.

मग दोन्ही फोर्क उघडले. ट्रेमध्ये ओतलेलं तेल काळपट करडं होतं, आणि ट्रे तिरका केला की त्यात चांदीसारखी बारीक चमक फिरायची. उजव्या पायापेक्षा डाव्यात बाहेरच्या नळीचं तेल ३५ सीसी कमी निघालं. बुशवरचा गडद थर एका बाजूला घासून तांब्याचा रंग दिसतोय.

स्प्रिंगवर काहीच छाप नाही. ती किती ताकदीची हे कसं ओळखायचं?

जुनापाना

ती चमक म्हणजे आत झिजलेला धातू, आणि बुशही झिजलेत. बुश आणि सील दोन्ही पायांचे बदला, एकाच पायाचे नको.

स्प्रिंग घरच्या वजनकाट्यावर मोजता येते. काट्यावर फळी ठेवा, वर स्प्रिंग उभी करा, आत एक आखूड नळी घाला म्हणजे ती वाकून उडणार नाही, आणि ड्रिल स्टँडच्या दांड्याने सावकाश दाबा. ३० मिलिमीटर दबल्यावर वजन लिहा, ८० दबल्यावर पुन्हा लिहा. फरकाला ५० ने भागा. चेहरा आणि हात स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका.

तुमच्या वजनाला आणि वेगाला ०.४२ किलो प्रति मिलिमीटरच्या आसपास स्प्रिंग लागेल. आतलं काडतूस, म्हणजे कार्ट्रिज, भरताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दांडा पूर्ण लांबीने सावकाश वर-खाली करत राहा. मध्येच कुठे पोकळ, सैल लागला तर अजून हवा आहे, पुन्हा भरा. घाई तिथे करू नका, माझा एक अख्खा रविवार त्यातच जातो आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलं नाही. बाहेरचं तेल दोन्ही पायांत मोजून सारखं टाका, मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खालच्या बाजूला. पहिली सेटिंग कॉम्प्रेशन पूर्ण आतून १२ क्लिक बाहेर, रिबाउंड १०.

रानवाट

फरक २४ किलो आला. म्हणजे ०.४८! आधीचे मालक माझ्याहून बरेच वजनदार असणार, आणि उड्यांसाठी त्यांना ते बरोबरच असेल.

०.४२ च्या स्प्रिंगा, नवे बुश, सील, तेल, सगळं घातलं. सॅग ६७. काल ओढ्यातल्या त्याच गोट्यांवरून गेले. पहिल्या दगडाला सवयीने हँडल घट्ट आवळलं आणि काहीच झालं नाही, चाक दगडावर चढून सरळ पलीकडे उतरलं. पुन्हा मागे येऊन तीनदा त्याच दगडावरून गेले. टाय आता तळापासून ४० वर थांबतोय. एक शंका राहिली: उतारावर हँडल जरा हलकं, चंचल वाटतं.

जुनापाना

वाचून फार बरं वाटलं. ४० उरणं छान आहे, मोठ्या आदळण्यासाठी तेवढं हवंच.

चंचलपणाचं कारण असं की नरम स्प्रिंगने पुढची बाजू खाली आली. फोर्कच्या नळ्या वरच्या क्लॅम्पच्या वर किती निघाल्यात बघा. ५ मिलिमीटर असतील तर खाली घेऊन जवळजवळ सपाट करा, दोन्ही बाजू कॅलिपरने मोजून. मागचा सॅगही तपासा, तो १०० ते १०५ च्या दरम्यान हवा. मागची स्प्रिंगसुद्धा त्याच मालकांच्या वजनाची असणार. मागचा सॅग मोजून इथे टाका, स्वार नसतानाचा आणि स्वारासकट, दोन्ही.