ब्रिटनच्या मूरलँडमध्ये मोटारींची वर्दळ टाळून सायकलप्रवास: कोणते मार्ग निवडावेत?

सावकाश_सायकल

नमस्कार. ऑगस्टच्या अखेरीस, हेदर (माळावरचे जांभळ्या फुलांचे झुडूप) फुललेले असताना, मी आणि माझी पत्नी इंग्लंडमधील मूरलँडच्या, म्हणजे झाडे नसलेल्या उघड्या डोंगराळ माळांच्या प्रदेशात आठवडाभर सायकलने फिरण्याचा बेत आखत आहोत. दोन्ही सायकली टूरिंगच्या आहेत, टायर ३८ मिलिमीटरचे आहेत आणि प्रत्येकीवर दोन पॅनिअर (बाजूला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) असतील. चढाची आम्हाला फारशी धास्ती नाही. धास्ती आहे ती अरुंद रस्त्यावर चढ चढत असताना खेटून पुढे जाणाऱ्या मोटारींची. म्हणून शक्यतो मोटारींना मज्जाव असलेल्या वाटांनीच जायचे असे ठरवले आहे.

आतापर्यंतच्या शोधात पीक डिस्ट्रिक्टमधील हाय पीक ट्रेल, टिसिंग्टन ट्रेल आणि मॉन्सल ट्रेल ही नावे वारंवार पुढे आली. हे तिन्ही जोडून आठवड्याचा सलग प्रवास होऊ शकेल का? शिवाय नकाशावर दिसणाऱ्या कोणत्याही पायवाटेवर सायकल नेता येते, की त्याचे काही नियम आहेत, हेही जाणकारांनी सांगावे.

घाटमाथा

तुम्ही लिहिलेले तिन्ही मार्ग चांगले आहेत, परंतु त्यांवर तुम्हाला मूरलँड भेटणार नाही. ते पीक डिस्ट्रिक्टच्या चुनखडीच्या भागातून जातात, जिथे दगडी भिंतींनी आखलेली हिरवी कुरणे आणि खोल दऱ्या आहेत. हेदर आणि काळ्या पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) दलदलीचा मुलूख त्याच्या उत्तरेला, डार्क पीकमध्ये आहे. अंतराचा हिशेबही आठवड्याचा नाही. हाय पीक ट्रेल सुमारे २८ किलोमीटर आणि टिसिंग्टन ट्रेल सुमारे २१ किलोमीटर आहे, ते पार्स्ली हे येथे एकमेकांना मिळतात, आणि मॉन्सल ट्रेलचे जेमतेम १४ किलोमीटर धरले तरी सावकाश सायकल चालवणाऱ्याचेही सारे दोन-तीन दिवसांत आटोपते.

अडचण मुळातच आहे, आणि ती समजून घेतल्यास मार्ग निवडणे सोपे जाते. ब्रिटनमधील लांब पल्ल्याच्या मोटारविरहित वाटा बहुतांशी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार झाल्या आहेत. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसल्याने रेल्वेचे अभियंते शक्यतो ५० फुटांत १ फुटापेक्षा अधिक चढ टाळत, आणि त्यासाठी मार्ग दरीतून, नदीच्या कडेने नेत. त्यामुळे सायकलस्वाराला सौम्य चढ मिळतो खरा, पण मूर डोक्यावर, क्षितिजापाशीच राहतो. याला अपवाद आहेत ते दगड, चुना किंवा लोहखनिज आणण्यासाठी मुद्दाम माथ्यावर चढवलेले रेल्वेमार्ग. माझ्या मते तुम्ही नेमके तेच शोधावेत.

त्यांतला पहिला म्हणजे उत्तर पेनाइन्समधील वास्करली वे. १८३४ मध्ये सुरू झालेल्या स्टॅनहोप अँड टाइन रेल्वेच्या मार्गावरून ही वाट जाते. स्टॅनहोपजवळचा चढ इतका तीव्र होता की तिथे स्थिर इंजिने बसवून दोरखंडांनी डबे वर ओढत असत. एकदा माथा गाठला की मात्र उघड्या मूरवरून कॉन्सेटच्या दिशेने लांबच लांब, जवळजवळ न जाणवणारा उतार आहे. ‘सी टू सी’ या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या सुमारे २२५ किलोमीटरच्या प्रसिद्ध मार्गाचा हा एक टप्पा आहे. तो संपूर्ण मार्ग करायचा झाल्यास पश्चिमेकडून पूर्वेकडे करावा, कारण वारा बहुधा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून वाहतो, आणि झाडझाडोरा नसलेल्या माळावर समोरचा वारा चढापेक्षा जास्त दमवतो. हार्टसाइड (५८० मीटर) आणि ब्लॅक हिल (६०९ मीटर) हे त्यावरचे मोठे चढ मात्र डांबरी रस्त्यांवरचे आहेत. तिथे मोटारींची सोबत टळत नाही.

दुसरा मार्ग नैर्ऋत्य इंग्लंडमधील डार्टमूरच्या प्रिन्सटाउन रेल्वेचा. ही रेल्वे १९५६ मध्ये बंद झाली. तिची वाट किंग्ज टॉरला वळसा घालून ग्रॅनाइटच्या जुन्या खाणींजवळून जाते, आणि स्वेलटॉर खाणीच्या जुन्या साइडिंगलगत (बाजूच्या रुळांलगत), १९०३ च्या सुमारास लंडन ब्रिजच्या रुंदीकरणासाठी घडवलेले पण कधीच पाठवले न गेलेले ग्रॅनाइटचे दगड आजही गवतात ओळीने पडलेले दिसतात. छिन्नीच्या कडा अजून बोथट झालेल्या नाहीत. तिथे सायकल उभी करून थोडा वेळ जरूर काढावा. वाट खडीची आहे, काही ठिकाणी मोठे धोंडे वर आलेले आहेत, तेव्हा ३८ मिलिमीटरच्या टायरमधील हवा थोडी कमी ठेवा.

नकाशावाचक

नियमांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण यात अनेकांची गल्लत होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘फूटपाथ’ म्हणून नोंदलेल्या वाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. ‘ब्राइडलवे’वर (घोडेस्वारांसाठीच्या वाटेवर) मात्र १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टपासून तो आहे, आणि त्याच कायद्यानुसार तिथे पादचारी व घोडेस्वार यांना आधी वाट द्यावी लागते. २००० च्या कायद्याने मोकळ्या माळांवर हिंडण्याचा जो हक्क मिळाला तो केवळ पायी हिंडण्याचा आहे. मूर सर्वांना खुला आहे म्हणजे सायकललाही खुला आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या २००३ च्या लँड रिफॉर्म कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक जमिनीवर सायकलीसह प्रवेशाचा हक्क दिलेला आहे.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या एक्सप्लोरर नकाशावर फूटपाथ आखूड हिरव्या रेघांनी, तर ब्राइडलवे लांब हिरव्या रेघांनी दाखवतात, आणि मोटारविरहित सायकलमार्ग नारिंगी ठिपक्यांनी. रस्त्यावरचा एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ आणि दोन बाण म्हणजे २० टक्क्यांहून अधिक. नॉर्थ यॉर्क मूर्समधील रोझडेल चिमनी बँकसारख्या रस्त्यावर चढ सुमारे ३३ टक्क्यांपर्यंत जातो. सामानासह तिथे सायकल ढकलणेही जिकिरीचे आहे, चालवण्याचे तर बोलायलाच नको. हे बाण नीट पाहिले, तर निम्मे मनस्ताप घरीच टळतात.

एक गोष्ट ऑगस्टपुरती. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो. नोंदलेल्या ब्राइडलवेवरचा तुमचा हक्क त्यामुळे संपत नाही, परंतु केवळ मालकाच्या परवानगीने खुल्या असलेल्या वाटा शिकारीच्या दिवशी बंद ठेवल्या जाऊ शकतात. फाटकावरची सूचना वाचूनच पुढे जावे.

पहाटफेरी

घाटमाथा यांचे खाणींच्या रेल्वेमार्गांविषयीचे निरीक्षण अचूक आहे, पण ‘मोटारींना मज्जाव’ ही अट इतकी कडक धरू नये असे मला वाटते. सकाळी आठच्या आत मूरवरचे एकाच गाडीच्या रुंदीचे रस्ते बहुधा रिकामे असतात, आणि त्या वेळी मिळणारा सलग डांबरी माथा कोणत्याही ट्रेलवर मिळत नाही. तुम्हाला मोटारींची धास्ती असेल तर मार्गाइतकेच वेळापत्रकाकडेही लक्ष द्या. सुटीच्या दिवशी दुपारी बारा वाजता प्रसिद्ध खिंडीत पोहोचणे हे दुखणे विकत घेण्यासारखे आहे.

डार्क पीकमध्येच राहायचे असेल तर अप्पर डरवेंट खोऱ्यात फेअरहोम्सपासून किंग्ज ट्रीपर्यंतचा जलाशयाकाठचा रस्ता शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना मोटारींसाठी बंद असतो. माम टॉरखालचा मुख्य रस्ता तर दरडीच्या सततच्या सरकण्यामुळे १९७९ मध्ये कायमचाच बंद झाला; त्याच्या डांबराचे थरावर थर फाटून खाली घसरलेले दिसतात, आणि तिथे उतरून सायकल हाताने न्यावी हे बरे.

लाँगडेंडेल ट्रेलविषयी मात्र सावध करतो. १९८१ मध्ये बंद झालेल्या वुडहेड रेल्वेमार्गावरची हॅडफील्डपासूनची ही वाट जलाशयांच्या काठाने सुरेख वर चढते, पण बोगदे बंद असल्याने पुढे माथा ओलांडण्यासाठी मूरवरची ओबडधोबड वाट धरावी लागते आणि मालवाहू ट्रकांनी भरलेला ए६२८ हा रस्ता ओलांडावा लागतो. ही वाट ट्रान्स पेनाइन ट्रेल या लांब पल्ल्याच्या मार्गाचाच भाग आहे, म्हणून नकाशावर निर्धोक वाटते. धुक्यात तिथे रस्ता ओलांडण्याचे धाडस करू नका.

सावकाश_सायकल

आपणा सर्वांचा आभारी आहे. तिन्ही उत्तरे वाचून आमचा कल डार्टमूरकडे झुकला आहे, कारण तिथे रेल्वेने पोहोचता येते असे दिसते. ओकहॅम्प्टनहून निघून प्लिमथला संपवायचे आणि मधे प्रिन्सटाउनला जायचे, हा क्रम योग्य ठरेल का? मोटारींचे रस्ते त्यात कुठे टाळता येणार नाहीत?

घाटमाथा

क्रम योग्य आहे. एक्सेटरहून ओकहॅम्प्टनची नियमित प्रवासी रेल्वे नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि स्थानक गावाच्या वर, डोंगराच्या कडेला असल्याने गाडीतून उतरल्यावर पहिलाच चढ आपोआप वाचतो. तिथूनच लिडफर्डपर्यंत सुमारे १८ किलोमीटरचा ग्रॅनाइट वे सुरू होतो. सुरुवातीलाच लागणाऱ्या मेल्डनच्या लोखंडी पुलावर वाऱ्याचा जोर असतो, तेव्हा रुंद पॅनिअर असतील तर सायकल घट्ट धरा. लिडफर्ड ते टॅव्हिस्टॉक या पट्ट्यात गावरस्ते टळत नाहीत. दोन्ही बाजूंना उंच कुंपण असलेल्या त्या अरुंद रस्त्यांवर समोरचे वाहन अगदी जवळ आल्यावरच दिसते, म्हणून उतारावर वेग आवरा आणि वळणाआधी घंटी वाजवा. टॅव्हिस्टॉकच्या पुढे ड्रेक्स ट्रेलवर २०१२ मध्ये उभारलेल्या जेम ब्रिजवरून वॉकम नदीची दरी ओलांडून तुम्ही येल्व्हर्टनला याल.

प्रिन्सटाउनचा फाटा इथून घ्या. बरेटर जलाशयाच्या बाजूने वर चढून जुनी रेल्वेवाट धरावी. शक्य असल्यास तो दिवस सामानाविना ठेवा, म्हणजे येल्व्हर्टन परिसरात दोन रात्री मुक्काम करून मधला दिवस फक्त या वाटेसाठी राखा. माथ्यावर सुमारे ४०० मीटर उंचीवर ढग उतरले की खुणा दिसेनाशा होतात. रेल्वेवाट सपाट व रुंद असल्याने ती सोडू नये, आडवाटेने जवळचा मार्ग काढू नये. वाटेत कॅटल ग्रिड (जनावरांना अडवण्यासाठी रस्त्यात बसवलेली लोखंडी दांड्यांची जाळी) लागली आणि ती ओली असेल तर एकतर अगदी काटकोनात सरळ ओलांडा, नाहीतर शेजारचे फाटक उघडून जा व ते आठवणीने बंद करा, कारण घोडी आणि मेंढ्या तिथे मोकळ्या फिरत असतात.

येल्व्हर्टन ते प्लिमथ हा शेवटचा टप्पा जवळजवळ पूर्ण उताराचा आहे. प्लिमथहून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलींसाठी मोजक्याच जागा असतात आणि त्या आधी राखून ठेवाव्या लागतात, म्हणून मुक्कामांची नोंदणी करण्यापूर्वी परतीच्या गाडीत दोन सायकलींची जागा मिळते का ते पाहा आणि मगच तारखा पक्क्या करा.